दोर संपेल तिथं शिखर

धोंडुप आठ वेळा मनास्लूवर जाऊन आला, ही गोष्ट आमच्या गावातल्या याकांनासुद्धा पाठ होती, कारण धोंडुप ती याकांनाही सांगायचा. त्याच्या लॉजच्या जेवणघरात चुलीमागच्या भिंतीवर शिखरावर पोचल्याचे आठ दाखले काचेत घालून टांगलेले होते. धुराने ते इतके पिवळे पडले होते की दाखले आहेत की वाळत घातलेलं चीज, हे बघायला पाहुण्याला जवळ जावं लागे. पाहुणा जवळ गेला की धोंडुप मागे येऊन उभा. "ते होय? ते काही नाही, असंच आपलं," असं म्हणायचा आणि पुढचा पाऊण तास बोलायचा.

त्या आठांपैकी एकदाही तो शिखरावर गेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि वाईट हे, की ते त्याला माहीत होतं.

पहिल्या वर्षाचं त्याच्याकडून खरोखरच चुकलं. तो दोर लावणाऱ्यांचा मुकादम होता. पाहुण्यांच्या आधी वर जायचं, बर्फात खुंट्या ठोकायच्या, दोर बांधत जायचं. मागून पाहुणे त्या दोराला धरून येतात आणि घरी जाऊन आपण पर्वत जिंकला म्हणून सांगतात. त्या वर्षी चौथ्या तळापाशी धोंडुपची पाठ भरून आली. पाठीवर दोराची भेंडोळी होती. एक भेंडोळं त्याने तिथेच दगडाआड ठेवून दिलं. पुरेल एवढ्यात, असं त्याने मनाशी म्हटलं. शिवाय उतरताना घरी नेलं तर याक बांधायला होईल, असंही म्हटलं. पण हे जरा हळू म्हटलं.

वर ढग होते. स्वतःचा बूट दिसत नव्हता. दोर संपला तेव्हा समोर बर्फाचा एक उंचवटा होता. त्याने शेवटची खुंटी ठोकली आणि मागे वळून सांगितलं, "आलं."

पाहुणे आले. दातांचा एक डॉक्टर त्याच्या गळ्यात पडून इतका रडला की दाढीला बर्फाचे लोलक लागले. आयुष्यातली सगळी बचत घालवून आलेला माणूस गळ्यात पडून रडत असताना आपण काय, थांबा जरा, मोजून बघू या, असं म्हणायचं? धोंडुपने त्याची पाठ थोपटली. त्याच्या आधीही कोण कोण तिथेच थांबून परत गेलं असेल, देव जाणे. ढगात सगळे उंचवटे सारखेच असतात.

तिसऱ्या वर्षी आभाळ स्वच्छ होतं. शेवटची खुंटी ठोकून धोंडुपने मान वर केली तर पुढे धार होती. सुरीसारखी, एका बाजूला खोल निळं, दुसऱ्या बाजूला त्याहून खोल. आणि त्या धारेच्या टोकाला आणखी एक उंचवटा होता, याच्याहून वर. किती लांब? चुलीपाशी बसून फाटकातल्या माणसाला हाक मारावी एवढा. धोंडुपने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, मग दोराला लोंबकळत येणाऱ्या बावीस माणसांकडे बघितलं. त्यानंतर त्या उंचवट्याकडे पाठ केली आणि फोटोसाठी हसला. तो फोटो तिसऱ्या क्रमांकाच्या दाखल्याशेजारी होता. त्यात मागे, त्याच्या कानाच्या वर, खरं शिखर स्पष्ट दिसतं. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने विचारलं नाही की हे मागे काय आहे. माणसाला भिंतीवरचं शिखर दिसत नाही, चेहराच दिसतो.

त्या वर्षापासून शेवटचं भेंडोळं वर नेणं त्याने बंदच केलं. कशाला नुसतं ओझं वाहायचं?

आता आमच्या गावाचंही सांगायला हवं, नाहीतर धोंडुप एकटाच वाईट दिसेल, आणि तेवढा मान त्याला एकट्याला द्यायची आमची इच्छा नाही. तुमच्या नकाशावरचा मनास्लू म्हणजे आमचा पुंग्येन. देव आहे. आजोबांच्या काळात जपानी आले, वर गेले, माथ्याला न पोचता परत गेले. त्या हिवाळ्यात हिमकडा कोसळला आणि मठ गेला, मठातली माणसं गेली. दुसऱ्या साली जपानी पुन्हा आले तेव्हा आमच्या आज्या-आजोबांनी दगड-काठ्या घेऊन वाट अडवली. देवाच्या डोक्यावर पाय ठेवायला देत नाही म्हणाले, आणि खरंच त्यांना परत पाठवलं. पुढे जपानी चढलेच. पण अडवलं होतं, हे खरं. आता त्याच वाटेवर सोळा लॉज आहेत आणि जो पाहुणा वर जात नाही त्याच्याकडे आम्ही संशयाने बघतो. देव तोच आहे. आमची अडवणूक तेवढी रातोरात नाही, पन्नास वर्षांत हळूहळू, कुणाला न दुखवता संपली.

मग एका शरद ऋतूत कुणीतरी ड्रोन उडवला. फोटो जगभर फिरला. त्यात मुंग्यांसारखी रांग अलीकडच्या उंचवट्यावर हात वर करून उभी, आणि पुढे धारेवर दोन-चार माणसं खऱ्या माथ्याकडे चाललेली. पाहुणे जेवणघरात येऊन फोनमध्ये बघू लागले, मग भिंतीकडे बघू लागले. धोंडुप चार दिवस पोट बिघडल्याचं सांगून आतल्या खोलीत पडून राहिला.

त्याला वाचवलं खांडोने, म्हणजे त्याच्या बायकोने. पाण्याच्या नळावर बायका दबक्या आवाजात हसत होत्या, तेव्हा ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "हसा. माझ्या नवऱ्याने मुद्दाम पाय ठेवला नाही. देवाचं डोकं ते. आठ वेळा देवाच्या तोंडासमोर जाऊन तो हात जोडून परत आलाय. तुमच्या नवऱ्यांना जमेल का?"

घरी आल्यावर तिने धोंडुपलाही हे सांगितलं, उगाच वेगळं काही बोलून बसायला नको म्हणून.

"अगं, पण हे खरं नाही," तो पांघरुणातून म्हणाला.

"शिखर तरी कुठं खरं होतं? ऊठ, बटाटे सोल."

संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बांधलेल्या मठात पोचलं. दुसऱ्या दिवशी मुखिया तोपग्याल स्वतः पांढरा शेला घेऊन आला आणि धोंडुपच्या गळ्यात घातला. धोंडुप हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने नुसती मान खाली घातली. आणि मान खाली घातलेला माणूस आमच्याकडे साधू समजला जातो. चोरही तशीच घालतो, पण तेवढं बारीक कोण बघतं? दाखले भिंतीवर तसेच राहिले, त्यांचा अर्थ फक्त उलटा झाला. लबाडाचा भक्त व्हायला पूर्वी जन्म लागायचे, धोंडुपचं एका हंड्यात भागलं. आणि त्याला ते आवडलं. सकाळी आरशात बघताना आपल्या चेहऱ्यावर थोडं तेज आलंय असंही त्याला एकदोनदा वाटलं. ते खांडोने चेहऱ्याला लावायला दिलेलं लोणी होतं.

पुढच्या शरदात दोराचं काम त्याच्या भाच्याकडे, रिंझिनकडे गेलं. धोंडुपची विधवा बहीण सांगमो, तिचा हा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, मामाच्या हाताखाली चार वर्षं राबलेला. आता पाहुण्यांना खोटा माथा चालेना. रिंझिन धार ओलांडून पुढे गेला, खऱ्या टोकावर खुंटी ठोकली, बांधायचा तिथे दोर बांधला. आमच्या गावचा तिथवर गेलेला पहिला माणूस.

त्या हिवाळ्यात हिमकडा कोसळला. मठाच्या स्वयंपाकघराची भिंत गेली आणि मुखियाचे एकोणीस याक गोठ्यासकट गेले.

आम्हाला कारण लगेच सापडलं. कारण घरचंच होतं.

वैशाखात गाव यार्साला वर जातं. अळीच्या डोक्यातून गवताची काडी उगवावी तसली ती बुरशी; महिनाभर पोटावर पालथं पडून शोधायची, आणि वर्षाचं मीठ, तेल, तांदूळ, पोरांची शाळा सगळं त्यावर. गावाने एखाद्याला टेकडी बंद केली की त्या घराने वर्षभर काय खायचं ते घरानेच बघायचं. मुखियाने ठरवलं होतं, रिंझिनच्या घराला दोन हंगाम टेकडी बंद. सभा तेवढी बाकी होती.

सभेच्या आदल्या दिवशी सांगमो सकाळीच लॉजवर आली. पाठीवरची बांबूची टोपली, डोको, दाराशी टेकवली आणि चुलीसमोर बसली. चहा दिला तर हातात धरून राहिली.

"दादा, उद्या तू बोलशील ना?"

"बोलेन की."

"काय बोलशील?"

"बघू. तिथं वारं कसं वाहतंय ते बघून."

"वाऱ्याचं सांगू नको मला. वारं तुझ्याच बाजूनं वाहतंय. मुखिया सगळीकडे तेच म्हणतोय, धोंडुप आठदा जाऊन थांबला आणि या पोराला एकदा थांबता येईना. तुझंच नाव घेऊन माझ्या पोराला मारतायत."

खांडो भांडी घासताना म्हणाली, "वन्सं, यांनी काय करायचं त्यात? यांनी काही वाईट केलंय का?"

"ते मला काय माहीत? माझा पोरगा सांगतो, मामाने कधी वर देवाला हात जोडलेले बघितले नाहीत. हातात नेहमी कॅमेरा असायचा."

धोंडुपला खोकला आला. तो बराच वेळ खोकला. खोकल्यात जेवढा वेळ काढता येतो तेवढा काढून झाल्यावर त्याने बघितलं, बहीण अजून त्याच्याकडेच बघत होती.

"दोन हंगाम," ती म्हणाली. "घरात सातू आहे तो आषाढापर्यंत. मग मी याकाचं शेण खाऊ?"

ती गेल्यावर खांडो हात पुसत आली. "खरं सांगितलंत तर तोंड दाखवायला जागा राहील का? ट्रेकिंग कंपनीवाले पाहुणे पाठवतील का? आणि मी नळावर काय सांगू, मी खोटं बोलले?"

"तू एकदाच बोललीस. मी आठ वेळा सही केली."

"मग नववी नका करू. गप्प बसा. गप्प बसायला काय जातं?"

काहीच जात नव्हतं. हीच तर सगळी अडचण होती. आजवर धोंडुप ज्या ज्या वेळी गप्प बसला त्या त्या वेळी त्याचा फायदाच झाला होता. देवानेच मुद्दाम अशी सवय लावली असावी, एकदम वसूल करायला.

मठाच्या अंगणात सभा भरली. मुखियाने धोंडुपला हाताला धरून थोरल्या लामांच्या शेजारी, जाड गालिच्यावर बसवलं. त्या गालिच्यावर बसायला धोंडुपच्या बापाला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. गालिचा मऊ होता. धोंडुपने मनात म्हटलं, बसून घे, लेका, परत मिळायचा नाही.

रिंझिन खाली, मातीत, मांडी न घालता उकिडवा बसला होता. त्याने मामाकडे एकदाही बघितलं नाही.

मुखिया तोपग्याल बोलायला उठला. तो वाईट माणूस नाही. एकोणीस याक गेलेला माणूस आहे. तो म्हणाला, "मला कुणाशी वैर नाही. पण एक माणूस आठ वेळा देवापुढे जाऊन, हाकेच्या अंतरावरून परत येतो. त्याला मोह नव्हता का? होता. तरी थांबला. आणि त्याचाच भाचा जाऊन देवाच्या टाळूवर लोखंड ठोकतो. धोंडुप, तूच सांग पोराला. तुझं ऐकेल."

धोंडुप उठला. गुडघे वाजले. सगळ्यांना ऐकू गेले असावेत.

"मी थांबलो," तो म्हणाला, "कारण दोर संपला होता."

कुणाला काही कळलं नाही. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "नम्रपणा बघ."

"नम्रपणा नाही, आजी. दोर संपला होता, कारण एक भेंडोळं मी खाली लपवलं होतं. पहिल्या वर्षी पाठ दुखत होती म्हणून. मग पुढं सवय लागली. मुखिया, तुमच्या गोठ्यात याक ज्या निळ्या दोराला बांधलेले होते तो कुठला? दसऱ्याला मीच दिलेला. तो पुंग्येनच्या डोक्यावर जायचा दोर होता."

अंगणात दूर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मुखियाचा चेहरा उतरला. "म्हणजे तू देवासाठी थांबला नव्हतास?"

"देव आठवलासुद्धा नाही. एकदा आठवला, तो पाय घसरला तेव्हा. तिसऱ्या वर्षी मला पुढचं टोक दिसलं. धार बघून माझी फाटली, एवढंच. दोर असता आणि हिंमत असती तर मीही जाऊन ठोकली असती खुंटी. आणि तुम्हाला सांगतो, फोटोही काढला असता."

"अहो," खांडो बायकांतून हळूच म्हणाली, "पुरे."

पण धोंडुपचं आता उताराला लागलेल्या दगडासारखं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो उतारावर न घाबरता चालला होता.

"आणि एक विचारतो. आठ वर्षं तुम्हा सगळ्यांना वाटत होतं की मी डोक्यावर पाय ठेवून आलोय. होय ना? मग टेकडी का नाही बंद केलीत माझी? दर वर्षी मी उतरलो की वेशीवर छांगचे पेले घेऊन कोण उभं असायचं? तेव्हा देवाचं डोकं दुखत नव्हतं?"

मुखिया सरळ म्हणाला, "तेव्हा याक मेले नव्हते."

"आणि रिंझिनने वर बांधला तो दोर खालच्या तळापर्यंत कुणाच्या पाठीवरून गेला?"

गावात तळापर्यंत ओझं नेणारे याक एकाच गोठ्यातले, हे पोरंही जाणतात. मुखिया खाली बसला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. ते याकांसाठी होतं की आणखी कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. एवढी लाज आम्हालाही आहे.

थोरले लामा इतका वेळ माळ ओढत होते. ते म्हणाले, "कोण कुठं उभं राहिलं ते पुंग्येनला आधीच माहीत होतं. त्याला आपल्याला विचारायचं कारण नाही. टेकडी बंद करायची तर दोर लावणाऱ्याची, वाहणाऱ्याची, पीठ विकणाऱ्याची, पाहुण्यांना झोपायला खाट देणाऱ्याची, सगळ्यांचीच करा. मग यार्सा याकच खातील. उरलेले." जरा थांबून म्हणाले, "मठाच्या स्वयंपाकघराची भिंत पडलीय. ती बांधायला दगड हवेत. घरटी एक माणूस. धोंडुप, तुझ्या घरचे आठ."

"आमच्या घरात दोनच माणसं आहेत, लामा."

"मग तू आठ दिवस ये."

एवढ्यावर सभा उठली. टेकडी कुणालाच बंद झाली नाही. गालिचा धोंडुपच्या पायाखालून कुणी ओढला नाही, पण तो उठताच दोघांनी गुंडाळून उचलून नेला. सांगमो त्याच्याजवळून गेली, थांबली, त्याच्या जॅकेटची उघडी राहिलेली चेन गळ्यापर्यंत ओढून दिली आणि काही न बोलता गेली. खांडो बोलली, पुष्कळ बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गावाने तर नामकरणच केलं. दगड वाहायच्या पहिल्याच दिवशी त्याला हाका सुरू झाल्या. "काय अलीकडचे धोंडुप, दगड भिंतीपर्यंत आणणार की अलीकडेच ठेवणार?" कुणी चहा देताना पेला अर्धा भरून पुढे करी आणि म्हणे, "भरलाय पूर्ण. ढग आहेत म्हणून दिसत नाही." धोंडुप हसायचा. चांगले विनोद होते. त्याने स्वतः याहून बरे केले असते, पण आता त्याची पाळी नव्हती.

तिसऱ्या दिवशी नदीच्या पात्रातून वर येताना रिंझिन त्याच्या बरोबरीने चालू लागला. दोघांच्या पाठीवर दगड होते. अर्धा चढ चढून झाला. मग रिंझिन म्हणाला, "तिसऱ्या वर्षी बघितलं होतंत तुम्ही."

"बघितलं होतं."

"मी पाचव्या वर्षी आलो तुमच्या हाताखाली. चार वर्षं. माझेही चार दाखले आहेत घरात."

"हो."

"आईने ते देव्हाऱ्याशेजारी लावलेत. ते चारही खोटे, आणि ढगात मला वाटत होतं खरे. तुम्हाला निदान माहीत तरी होतं, मामा. मला तर मामाच बनवलंत."

धोंडुपने दगडाचा पट्टा कपाळावर सरकवला. माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण इतक्या वर्षांनी मागितलेली माफी म्हणजे पुन्हा आपलीच पाठ हलकी करणं, हे त्याला कळत होतं.

"तुला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "घाबरलो. तू गेला असतास म्हणून. मग मी कोण उरलो असतो?"

"गेलो असतो," रिंझिन म्हणाला. "तेव्हाच."

ते वळणावर दगड टेकून थांबले. वर पुंग्येन मोकळा होता. दोन्ही उंचवटे इथून दिसत नाहीत, खालून नुसतं एकच टोक दिसतं. धोंडुप त्याकडे बघत राहिला. एक गोष्ट त्याला इतके दिवस विचारायची होती आणि विचारायचा हक्क नव्हता. आता हक्क नसण्याचीही लाज राहिली नव्हती.

"कसं आहे रे तिथं?"

रिंझिन रागातच होता. पण तिथे उभा राहिलेला दुसरा कुणी गावात नव्हता, आणि असलं माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतंच.

"अरुंद आहे. दोन माणसं नीट उभी राहत नाहीत. वारा खालून येतो, बगलेतून."

"आणि दिसतं काय?"

"सगळं दिसतं. तिबेट दिसतं. आणि अलीकडे वळून बघितलं तर तुमची जागा दिसते. माणसं तिथं उभी होती, त्यांना दोर पुढं गेलेला दिसत होता, तरी काहीजण तिथंच थांबले. हात वर करून फोटो काढत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते."

"वेड्यासारखे दिसत असतील," धोंडुप म्हणाला.

रिंझिनने दगड पुन्हा पाठीवर घेतला. "नाही. खूश दिसत होते."

धोंडुपने मान हलवली. "होतोच आम्ही," तो म्हणाला, आणि भाच्याच्या मागोमाग चढाला लागला.